अलैकुडाची यात्रा

राघोत्तमराव मद्रासच्या बंदराच्या कचेरीत कारकून होते, आणि आयुष्यात त्यांनी एकदाही बोटीवर पाऊल ठेवलं नव्हतं. यात काही वावगं आहे असं त्यांना वाटत नसे. बोटी येत आणि जात, त्यांचे कागद राघोत्तमरावांच्या टेबलावर येत आणि जात, आणि कागदांना समुद्राचा थोडा दमट वास येई. तेवढा समुद्र पुरे होता. हलवाई काय रोज पेढे खातो, असं ते म्हणत.

पन्नास-एक्कावन्न सालच्या एका दुपारी एका मालवाहू बोटीवरचा गोरा अधिकारी साहेबांच्या सहीसाठी त्यांच्यासमोर येऊन बसला. साहेब जेवायला गेले होते. साहेब जेवायला गेले की सही चहानंतरच होते, हे गोऱ्याला समजेपर्यंत दोघांची चांगली ओळख झाली. गोरा ऑस्ट्रेलियाचा. लढाईच्या दिवसांत तो सिलोनात होता आणि तिथल्या पूर्वेच्या किनाऱ्यावरचं अलैकुडा नावाचं कोळ्यांचं गाव त्याच्या मनातून जात नव्हतं. खाडीच्या टोकाला लाटा येतात, म्हणाला, त्या इथल्यासारख्या एकमेकींच्या अंगावर पडत नाहीत. शाळेच्या प्रार्थनेला मुलं यावीत तशा रांगेनं येतात. आणि त्या लाटांवर लांब फळी टाकून, तिच्यावर उभं राहून माणसं किनाऱ्याला येतात. बसून नव्हे, उभं राहून. लाटा चांगल्या लागल्या की गावचा न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून बघायला जातो. घड्याळ गावात एकच आहे आणि ते बंद आहे, पण ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

साहेब आले, सही झाली, गोरा गेला. राघोत्तमराव मात्र त्या दिवशी अलैकुडाला गेले ते परत आलेच नाहीत.

संध्याकाळी त्यांनी हे सगळं अप्पाजीरावांना सांगितलं. अप्पाजीराव म्हणजे त्यांचे तंजावरच्या शाळेपासूनचे मित्र. दोघांची बिऱ्हाडं तिरुवल्लिकेणीत, एकाच गल्लीत समोरासमोर. अप्पाजीराव शाळेत भूगोल शिकवत. रोज संध्याकाळी दोघं मरीनावर जाऊन ठरलेल्या जागी बसत, उकडलेल्या हरभऱ्यांचं सुंडल खात आणि तंजावरच्या मराठीत बोलत. ते बोलणं पुण्याहून बदलून आलेल्या एका बँकेच्या साहेबांच्या कानावर पडलं होतं. एकोजीराजांच्या फौजेतला मागे राहिलेला शिलेदार कॉफी मागतो आहे असं वाटलं, असं त्यांनी घरी जाऊन सांगितलं म्हणे.

त्या संध्याकाळपासून बोलण्याला दुसरा विषय उरला नाही. समोर कोळी आपली कट्टुमरं, म्हणजे ओंडके बांधून केलेले तराफे, घेऊन लाटांवरून आत येत. "असंच रे अप्पा, पण उभं ऱ्हाऊन," राघोत्तमराव म्हणत. गोऱ्यानं सांगितलेलं गाव दोन-तीन महिन्यांत सांगून संपलं, तेव्हा त्यांनी त्यात भर घालायला सुरुवात केली. दुसऱ्या वर्षी तिथे एक कॉफी हॉटेल आलं. तिसऱ्या वर्षी हॉटेलाच्या मागे पिळ्ळैयारचं, म्हणजे गणपतीचं, देऊळ झालं, कारण देवळाशिवाय इतकी माणसं गावात राहतील कशी? पुढे हॉटेलाच्या मालकाशी राघोत्तमरावांचं कॉफीत चिकोरी घालण्यावरून भांडण झालं आणि ते महिनाभर टिकलं. अप्पाजीराव सगळं ऐकून घेत. ते भूगोलाचे मास्तर असल्यामुळे त्यांना शंका येत, पण त्या शंका ते विचारत नसत. "पाणी खारटच असेल ना?" एवढंच एकदा त्यांनी विचारलं होतं.

दोघांनी मिळून जायचं, हे पहिल्याच आठवड्यात ठरलं होतं. शपथ वगैरे घेतली नव्हती. शपथ परक्यांनी घ्यायची. जायचं तर दोघांनी, एवढंच.

अडचण एकच होती, आणि ती अप्पाजीरावांच्या घरात होती. त्यांची बायको त्रिपुरसुंदरी समुद्र ओलांडायला तयार नव्हती. स्वतः येणार नाही आणि नवऱ्यालाही जाऊ देणार नाही. तिच्या माहेरी फार सोवळं, अप्पाजीराव सांगत. समुद्रापलीकडे गेलेल्या माणसाला तिथे पंक्तीला घेत नाहीत. "यंदा नको रे राघू. ती जरा निवळू दे," असं ते दर उन्हाळ्याच्या सुटीत म्हणत, आणि राघोत्तमराव दर उन्हाळ्यात थांबत. मन्नीबद्दल, म्हणजे मित्राच्या बायकोबद्दल, त्यांच्या मनात कधी राग आला नाही. उलट एवढ्या कडक बाईच्या हाताखाली आपला मित्र दिवस काढतो आहे याचं त्यांना वाईट वाटे. सणावारी तिच्याशी बोलताना ते समुद्र हा शब्दही काढत नसत.

एकदा तर कोलंबोला जाणाऱ्या एका बोटीच्या कप्तानानं त्यांना आपणहून विचारलं होतं. कागदांचा मोठा घोळ राघोत्तमरावांनी निस्तरून दिला होता, त्याबद्दल नेऊन आणतो म्हणाला, खर्च काही नाही. कचेरीतल्या लोकांनी त्यांचं अभिनंदनही करून टाकलं. राघोत्तमरावांनी एक रात्र विचार केला आणि सकाळी नाही म्हणून सांगितलं. अप्पाला सोडून अलैकुडाला जायचं आणि संध्याकाळी येऊन कुणाला सांगायचं? अप्पाजीरावांना हे कळलं तेव्हा ते बराच वेळ वाळूत बोटानं नकाशे काढत बसले. मग म्हणाले, "तू माझ्यासाठी राहिलास, हे मी विसरायचा नाही." आणि त्या दिवशीचं सुंडल त्यांनी दिलं.

बासष्ट सालच्या एप्रिलात अप्पाजीराव म्हणाले, की बायको रामेश्वरची यात्रा हवी म्हणून मागे लागली आहे. सेतुस्नान करायचं, परतताना मदुरा, तिरुचेंदूर, कन्याकुमारी. सुटीचे बरेच दिवस त्यातच जाणार.

"जाऊन ये की," राघोत्तमराव म्हणाले. "समुद्रास पाय तर लागतील मन्नीचे. हळूहळू होईल."

ते दोघांना पोचवायला एग्मोर स्टेशनवर गेले. आपल्याकडे यात्रेला निघालेल्या माणसाला कुणीतरी पोचवायचं असतं आणि ते कुणीतरी अर्थातच राघोत्तमराव. अप्पाजीरावांचा दंड सुजला होता. यात्रेच्या गर्दीत रोगराई फार, म्हणून पटकीची सुई टोचून घेतली आहे, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा दोन्ही ट्रंका राघोत्तमरावांनी उचलून गाडीत चढवल्या. गाडी होती बोट मेल. त्या गाडीनं रामेश्वरचे यात्रेकरू पांबनपर्यंत जात, आणि त्याच गाडीनं थेट धनुष्कोडीला उतरून सिलोनची बोट पकडणारेही जात. राघोत्तमराव खिडकीशी उभे राहून म्हणाले, "पांबनला उतर हं अप्पा. झोपलास तर थेट सिलोनात जाशील."

अप्पाजीराव हसले. जरा जास्तच हसले, असं नंतर राघोत्तमरावांना आठवलं. त्या वेळी त्यांना आपला विनोद चांगला झाला असं वाटलं होतं.

तीन आठवड्यांनी दोघं परत आली, रापून तांब्याच्या घंगाळासारखी झालेली. सेतूचं ऊन फार कडक, असं अप्पाजीराव म्हणाले. त्रिपुरसुंदरी गल्लीतून चालताना आधीपेक्षा मोकळी चालते आहे असं तुळसीच्या, राघोत्तमरावांच्या बायकोच्या, लक्षात आलं. देवाच्या दारी जाऊन आल्यावर माणसं तशी होतात, असं राघोत्तमराव म्हणाले. तुळसी म्हणाली, "देवाच्या दारी मीही जात्ये. मी नाही होत तशी."

यात्रा झाली की समाराधना घालायची. अप्पाजीरावांची विशालाक्षी अत्या त्यासाठी खास कुंभकोणमहून आली. वय ऐंशीच्या घरात, बाहेरून आलेल्या पोस्टमनच्या सावलीनंही तिला विटाळ होई. यात्रेहून आलेल्या माणसाच्या अंगावर तीर्थाचं पुण्य अजून ओलं असतं, ते वाळायच्या आत सगळ्यांनी त्याला साष्टांग नमस्कार करावा, म्हणजे न गेलेल्यालाही थोडं लागतं, अशी तिच्या घराण्याची रीत. जेवणाआधी नमस्कार, मग पंगत. पन्नासएक पानं होणार होती. भटजी वेळेवर आले होते, वांग्याच्या रसवांगीचा वास जिन्यापर्यंत आला होता.

राघोत्तमराव केळीची पानं धुवायला परसात गेले. त्रिपुरसुंदरी तिथेच विहिरीशी कढीपत्ता काढत होती. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाली, "राघण्णा, तुम्ही आले असते तर किती बरं होतं. ते गोरे फळीवर उभं ऱ्हाऊन येत्यात की, तेव्हा मज सारखी तुमचीच आठवण येत्ये."

राघोत्तमराव पान धूत होते. ते धूतच राहिले.

"कुठले गोरे, मन्नी?"

"अय्यो, इथं कोणी नाही. अत्या आत आहेत." ती हसली. "अलैकुडाचे. यांनी सांगितलंय मज, राघूस सगळं माहीत आहे, पण कोणापुढं बोलू नकोस. अत्येस कळलं तर घरचं पाणी प्यायच्या नाहीत."

"तुम्ही अलैकुडाला गेला होता."

"गेलो की. दहा दिवस होतो." मग तिच्या चेहऱ्यावर आपलेपणाची काळजी आली. "राघण्णा, रागवू नका, पण पाण्यास येवढं भ्यायचं काय की? भीती बोटीत चढेपर्यंतच. मग काही नाही."

"मी पाण्याला भितो?"

"त्यात लाज कसली? दर वर्षी मी यांस म्हणत्ये, राघण्णास आणि तुळसीस घेऊन चौघं जाऊ. दर वर्षी हे म्हणतात, तो भितो बिचारा, विचारू नकोस, त्यास लाज वाटेल. मीच त्यांच्या मागं लागल्ये होत्ये, कधीपासून."

"पण तुमच्या माहेरी सोवळं..."

"माझ्या माहेरी?" त्रिपुरसुंदरीला हसू आवरेना. "माझ्या मामाचं पिनांगास कापडाचं दुकान होतं. आई माझी दोनदा जाऊन आली बोटीनं. तुम्हांस कोणी सांगितलं सोवळं?"

राघोत्तमरावांनी ते पान बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं. पान धुताना त्यांना एवढंच वाटत होतं, की हातात काहीतरी आहे ते बरं आहे. दहा-अकरा वर्षं ते या बाईची समजूत निघण्याची वाट बघत होते, आणि दहा-अकरा वर्षं ही बाई त्यांची भीती जाण्याची वाट बघत होती. मध्ये भूगोलाचा मास्तर बसला होता आणि दोन्हीकडे नकाशे वाटत होता.

आतून हाक आली. नमस्कार सुरू झाले होते.

अप्पाजीराव आणि त्रिपुरसुंदरी पाटांवर उभे होते, गळ्यात हार. वडीलधाऱ्यांनी नुसतं डोक्यावर हात ठेवायचा, बाकीच्यांनी आडवं व्हायचं. "राघू कोठे आहे? राघूनं पहिलं करावं," अत्या म्हणाली. "भावासारखा आहे, पोचवायला गेला होता, त्यास जास्त पुण्य." सगळ्यांनी त्यांना वाट करून दिली.

पाटापर्यंत सात-आठ पावलं असतील, आणि तेवढ्यात राघोत्तमरावांच्या मनात एक वाक्य तयार झालं. ते लहानच होतं. ते मोठ्यानं म्हटलं असतं तर भटजी उठून पंचा झटकत निघाले असते, अत्या पहिल्या गाडीनं कुंभकोणमला गेली असती, आणि अप्पाजीरावांना प्रायश्चित्तासाठी पंचगव्य प्यावं लागलं असतं, ते त्यांना मुंजीतही गिळता आलं नव्हतं. वाक्य अगदी जिभेवर आलं. पण ते बोलायचं तर त्यात अलैकुडाचं नाव घ्यावं लागणार होतं, इतक्या लोकांसमोर, ज्यांना ते नाव म्हणजे काय हे कधीच कळलं नसतं. त्यांनी ते गिळलं आणि आडवे झाले.

कपाळ जमिनीला टेकलं. समोर अप्पाजीरावांचे पाय होते, घोट्यापर्यंत काळे आणि वर गोरे. राघोत्तमराव उठेनात. आशीर्वाद द्यायला अप्पाजीराव वाकले, तेव्हा जमिनीकडे तोंड करूनच त्यांनी हळू विचारलं,

"अप्पा, अलैकुडास कॉफी मिळत्ये काय?"

डोक्यावर येणारा हात मध्येच थांबला. खोलीतल्या कुणाला काही ऐकू गेलं नाही. राघूला किती भक्ती आहे, उठत नाही बघ, असं कुणीतरी म्हणालं.

"आशीर्वाद दे की रे," अत्या म्हणाली.

"दीर्घायुष्मान भव," अप्पाजीराव म्हणाले. आवाज दुसऱ्याचा वाटत होता.

राघोत्तमराव त्यानंतर जेवले नाहीत असं नाही. रसवांगी त्यांनी दोनदा मागून घेतली. मन दुखावलेल्या माणसानं उपाशी उठायचं, हा नियम वरच्या महाराष्ट्रात असेल. आमच्याकडे पानात वाढलेल्याचा अपमान करत नाहीत. फक्त ते जेवताना एकदाही मान वर करून बोलले नाहीत, आणि वाढायला आलेल्या अप्पाजीरावांनी ताक ओतलं तेव्हा पुरे म्हणण्यासाठी त्यांनी नुसता हात पानावर आडवा धरला. ताक हातावरून वाहिलं.

घरी येऊन त्यांनी तुळसीला सगळं सांगितलं. तिनं पदरानं वारा घेत ऐकून घेतलं. अप्पा असं करील असं कधी वाटलं नव्हतं, ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. माझ्या नावानं बायकोशी खोटं, बायकोच्या नावानं माझ्याशी खोटं.

"वाईटच केलं त्यांनी," तुळसी म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पण त्यांनी तिला तरी नेलं."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. तुमच्या त्या गावात कॉफी हॉटेल आहे, देऊळ आहे, न्हावी आहे. मी कोठे आहे ते कधी सांगितलं नाहीत तुम्ही."

राघोत्तमराव उठून अंथरूण घालायला लागले. एका दिवसात दोन जणांकडून मार खाण्याची त्यांची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मरीनावर गेले, कारण न जाणं म्हणजे आपणच काही केलं असं झालं असतं. अप्पाजीराव आधीच येऊन बसले होते. सुंडलाच्या पुड्या दोन घेतल्या होत्या. एक त्यांनी राघोत्तमरावांच्या बाजूला वाळूवर ठेवली. ती तशीच राहिली.

मग अप्पाजीराव म्हणाले, की तो कप्तान विचारायला आला आणि तू नाही म्हणालास, त्या दिवशीच खरं काय ते सांगणार होतो. पण तू माझ्यासाठी राहिलास, मग कसं सांगणार? त्यानंतर दर वर्षी सांगणं जास्त अवघड होत गेलं.

"कप्तान नंतरचा," राघोत्तमराव म्हणाले. "आधीपासूनचं सांग. मन्नीचं सोवळं कोणी काढलं? मी भितो हे कोणी काढलं? मजसंगे जायचं नव्हतं, तर नाही म्हणायचं होतंस."

अप्पाजीरावांनी वाळूत बोटानं एक खाडी काढली. सवय.

"राघू, रोज संध्याकाळी तू मला ते गाव दाखवलंस. मी पाहिलं. देऊळ पाहिलं, हॉटेल पाहिलं. तुझ्यासंगे गेलो असतो तर तिथंही तूच दाखवलं असतंस, आणि मी हो-हो म्हटलं असतं. मला एकदा ते माझ्या डोळ्यांनी पाहायचं होतं. एवढंच."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच ते राघोत्तमरावांना फार लागलं. खोट्याला त्यांच्याकडे उत्तर होतं.

"पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

"पाहिलं." अप्पाजीरावांचा चेहरा एकदम उजळला, इतक्या दिवसांचं कोंडलेलं सगळं वर आलं. "अरे, त्या लाटा..."

"नको."

"ऐक तरी. तू सांगत होतास तसं नाहीच..."

"नको म्हटलं ना. तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस, ते तुझ्या डोळ्यांत ठेव. मज एक अक्षर सांगायचं नाही." राघोत्तमराव उठले आणि वाळू झटकून चालू लागले.

ही शिक्षा किती मोठी आहे, हे त्यांनाही चार दिवसांनी कळलं. अलैकुडाला जाऊन आलेला माणूस ते गाव सांगणार कुणाला? अत्येनं आता मद्रासलाच मुक्काम ठोकला होता, तेव्हा घरात तोंड उघडायची सोय नाही. बायकोनं सगळं स्वतःच पाहिलेलं. शाळेत बोलावं तर हेडमास्तर अत्येच्या नात्यातले. सगळ्या मद्रासेत अलैकुडा हे नाव ऐकून कान टवकारणारा माणूस एकच होता, आणि तो समोरच्या बिऱ्हाडात राहून खिडकी लावून घेत होता. भूगोल शिकवताना अप्पाजीराव सिलोनच्या नकाशाशी आले की खडू हातात घेऊन नुसते उभे राहत, असं शाळेतली मुलं सांगू लागली.

राघोत्तमरावांना याचा आनंद झाला. तो टिकला नाही. संध्याकाळ काही केल्या जाईना. ते मरीनावर जात, पण नेहमीच्या जागेपासून दूर, उत्तरेला सरकून बसत. अलैकुडाच्या हॉटेलात जाऊन बसायचा प्रयत्न त्यांनी केला. मालक ओळख देईना. पिळ्ळैयारच्या देवळाचं दार लावलेलं. आपण बांधलेल्या गावात दुसराच कुणी राहून गेला आहे, भांडी हलवून गेला आहे, असं त्यांना वाटे. आणि तिथे कॉफी मिळते का, हे अजून कळलेलं नव्हतंच.

आडी महिन्यातल्या, म्हणजे आषाढाच्या सुमाराच्या, एका संध्याकाळी वारा दक्षिणेकडून होता. राघोत्तमराव बसले होते तिथे तो बोलणं उचलून आणत होता. बोलणं अप्पाजीरावांचं होतं, तमिळमधून. ते आता जुनी जागा सोडून जवळच येऊन बसले होते, पाठ करून. त्यांच्या शेजारी एक पेन्शनर मुदलियार होते, ओळख नव्हती, म्हणूनच निवडलेले. अप्पाजीराव त्यांना अलैकुडा सांगत होते.

उठून जावं असं राघोत्तमरावांच्या मनात आलं. पण आधी आपण येऊन बसलो होतो, तेव्हा उठायचं तर त्यांनी उठावं. ते बसून राहिले, आणि मान समुद्राकडे ठेवून कान वाऱ्याकडे केला.

मुदलियारांना सगळंच नवीन होतं. ते मध्ये मध्ये "असं काय" म्हणत होते. अप्पाजीराव सांगत होते, की बस खाडीच्या अलीकडेच थांबते, मग होडीनं पलीकडे. ताडाच्या झापांच्या झोपड्या. सकाळी उठायची कुणाला घाई नाही. आणि मग ते म्हणाले, "मी आणि माझा मित्र, आम्ही दोघं उतरलो."

राघोत्तमरावांची मान वळली.

मित्र बंदराच्या कचेरीत आहे, अप्पाजीराव सांगत होते. त्याला सगळं आधीच माहीत होतं. त्यानं उतरल्या उतरल्या टोकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, बघ, तिथून येतात. आम्ही रोज सकाळी तिथे जाऊन बसायचो. त्रिपुरसुंदरीचं नाव कुठे आलं नाही. ती बिचारी दहा दिवस अलैकुडाला राहून आली होती आणि या गोष्टीत तिला बोटीवरूनही कुणी उतरवलं नव्हतं. एक दिवस, अप्पाजीराव म्हणाले, तिथल्या एका गोऱ्यानं आम्हाला बोलावलं, फळी दिली. गुडघाभर पाण्यातच. मित्र म्हणाला, मी उभा राहतो. चढला. लाट आली. क्षणभर खरंच उभा राहिला, हात असे पसरून. मग गेला खाली, फळी एकीकडे, धोतर एकीकडे.

मुदलियार पोट धरून हसले.

राघोत्तमराव उभे राहिले. आधी मला टाकून गेला, त्यांच्या मनात आलं, आणि आता मला न विचारता घेऊन गेला. घेऊन गेला तर गेला, वर लोकांपुढे पाडलं. ते वाळूतून सरळ त्या दोघांपाशी गेले. अप्पाजीरावांनी वर पाहिलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

राघोत्तमराव त्यांच्याशी बोलले नाहीत. ते मुदलियारांना तमिळमध्ये अदबीनं म्हणाले, "ऐया, तो मित्र मी. मी गेलो नव्हतो."

मुदलियारांनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. पेन्शनर होते, त्यांना घाई नव्हती. त्यांनी विचार केला आणि अप्पाजीरावांना विचारलं,

"मग पडलं कोण?"

अप्पाजीराव समुद्राकडे बघत राहिले. "मी," ते म्हणाले.

राघोत्तमरावांना आणखी काही बोलायचं नव्हतं. त्यांनी चपला हातात घेतल्या आणि रस्त्याच्या दिशेनं निघाले. थोडं चालून गेल्यावर मागे मुदलियारांचा आवाज आला. काळजीनं विचारत होते, की पडल्यावर काय वाटलं हो, भीती वाटली का?

राघोत्तमराव थांबले. मागे वळले नाहीत, पण थांबले. अप्पाजीराव बोलायला लागले होते, सावकाश, शब्द शोधत, आणि तेवढ्यात किनाऱ्यावर एक मोठी लाट फुटली आणि तिच्या मागोमाग दुसरी. आवाज ओसरला तेव्हा उत्तर संपलेलं होतं. मुदलियार "असं काय," एवढंच म्हणाले.

राघोत्तमराव आणखी थोडा वेळ उभे राहिले. पुन्हा विचारायचं तर अप्पा तिथेच, हाकेच्या अंतरावर बसला होता. मग त्यांनी चपला खाली टाकल्या, पायांत घातल्या आणि घरी गेले.